खोली नंबर

तंबूला अजून कुबट वास येतो.
दर शनिवारी मी तो गॅलरीच्या दांडीवर टाकते.
तिसऱ्या मजल्यावरून तो दुसऱ्याच्या खिडकीवर लोंबतो,
पेडणेकरवहिनी खालून ओरडतात,
मी म्हणते, हो हो, अर्धाच तास.

आमच्या कन्नमवार नगरात
तंबू घेणारे आम्हीच पहिले असू.
श्रीरंगनं व्हिडिओ पाहून मागवला होता:
दोन मिनिटांत उभा राहतो.
राहिला होता, खरंच.
तिसऱ्या मिनिटाला धरणावरून वारं आलं
आणि नारिंगी तंबू आडवा होऊन चालायला लागला,
पोटात चटया, बिस्किटं, ओजसची कासवाची उशी,
मागून आम्ही चौघं, अंधारात, धावतोय,
विक्रोळीची माणसं.

त्यानं तो पायानं अडवला.
हसला नाही.
"खुंट्या कुठायत?"
आमच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या तळव्यावर घेऊन
दातकोरणी बघावी तशा बघितल्या
आणि श्रीरंगच्या खिशात परत ठेवल्या.

कोंडाजी भांगरे.
त्यांच्या घरात करडं एका कोपऱ्यात सरकली,
त्यांच्या उबेवर आम्ही.
हिराबाईंनी विझवलेली चूल पुन्हा पेटवली.
मुक्ताला नाचणीची भाकरी गिळेना
म्हणून त्यांची लेक वाडीच्या त्या टोकाला गेली
वाटीभर दुधासाठी.
वाऱ्यानं सांडू नये म्हणून
वाटी ओढणीखाली धरून आली.
घरातली माणसं कुठे झोपली
ते सकाळी ओट्यावरच्या घोंगड्यांनी सांगितलं.

मी पाचशेची नोट पुढे केली.
कोंडाजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले,
शाळेत छडी चुकवायला नेतात तसे.
मग मी ते वाक्य म्हटलं
जे मुंबईचा माणूस गाडी सुरू झाल्यावर म्हणतो:
"मुंबईला आलात की घरी यायचं हं!"

त्यांना ते खरं वाटलं.
लेकीला भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं,
गेल्या महिन्याच्या पाठकोऱ्या पानावर
ती लिहायला लागली,
विक्रोळी. कन्नमवार नगर.
"आन् पुढं?"
पेन्सिल थांबली.
"कुणालाही विचारा," मी म्हणाले, "कुणीही सांगेल."

आमच्याकडे इमारतीच दोनशेच्या वर आहेत.
श्रीरंगनं आरशातून माझ्याकडे पाहिलं
आणि गिअर टाकला.
मुलुंड चेकनाक्यापर्यंत मी स्वतःला सांगत होते,
विसरले.
मुलं किरकिरत होती. घाई होती.

गेल्या शनिवारी खालून हाक आली,
नावानं नाही.
"ओ तंबूवाले!"

मला वाटलं, पेडणेकर.
वाकून पाहिलं तर पांढरी टोपी, खांद्यावर गोणी,
मान वर,
नजर माझ्यावर नव्हतीच, नारिंगी कापडावर होती.

भावाला केईएमला ठेवलंय, परवापासून.
आज जरा उसंत मिळाली.
"लई बिल्डिंगी हायत तुमच्यात,"
धापांमध्ये तक्रार नव्हती, कौतुकच जास्त.
"सकाळधरनं फिरतोय. पर तंबू वळखला."
गोणीत नवा तांदूळ.
तीन जिने कुणाला हात लावू दिला नाही.

चहाचं आधण ठेवलं आणि दूध नासलं.
मी काही म्हणायच्या आत
मुक्ता चप्पल न घालताच
पातेलं घेऊन जिना उतरत होती.
"राहू दे की, कोरा चालतो," ते म्हणत राहिले.

कुठे झोपतील, हे मी मनात मोजत होते,
दहा बाय बारात पाच माणसं,
आणि मोजत होते याची लाज वाटत होती,
तेवढ्यात ते उठले.
रात्री भावापाशी बसायचं होतं.
जाताना तंबूची शिवण चाचपली,
दोरी ओढून पाहिली,
ओजसला म्हणाले, "खुंटी लाकडाची पायजे, बाबा."

मग खिशातून कॅलेंडरचं पान काढलं,
चार घड्या, घामानं मऊ झालेलं.
"तेवढा नंबर घाला. त्या येळेला
घाईत व्हता तुम्ही."

पान मी गुडघ्यावर उलगडलं.
कन्नमवार नगरच्या पुढे
पोरीनं जागा सोडून ठेवली होती,
एका नंबराएवढी,
आणि तिच्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ.